नंतर कोण आवरणार

रविवार, फेब्रुवारीतला पहिला, सकाळी साडेआठ. बहरीनमधलं झिंज, आमच्या प्रशिक्षण संस्थेचा तळमजल्यावरचा हॉल. हजर: जपानहून आलेल्या बारा बायका; आया नावाची दुभाषी, जी इथेच माहूजला राहते आणि जिचा नवरा इथल्या एका जपानी कंपनीत आहे; संस्थेचे संचालक आणि मुख्य प्रशिक्षक राजन कर्णिक; सफाईला सुनंदा; आणि व्यवस्था बघायला मी. मी नावं वाचली. अकरा जणींनी हात वर केले. बाराव्या, हिसाए कुबोता, इमारतीत होत्या पण हॉलमध्ये नव्हत्या.

त्या टॉयलेटमध्ये होत्या. वापरायला गेल्या नव्हत्या, बघायला गेल्या होत्या. थोड्या वेळाने बाहेर आल्या तेव्हा हातात किल्ल्यांच्या जुडग्याला लावलेली चिमुकली बॅटरी होती. साठीची ठेंगणी बाई, केस कानाच्या वर कापलेले, पायांत कॅनव्हासचे बूट. आधी मला वाकून नमस्कार केला, मग आयाच्या कानाशी काहीतरी बोलल्या. आया लाजली.

"त्या विचारतायत," ती म्हणाली, "बायकांकडच्या दुसऱ्या दाराची कडी आतून लागत नाही, हे इथे कोणाला माहीत आहे का?"

मला माहीत होतं. दोनदा कळवलंही होतं. कर्णिक सर हसून म्हणाले, "व्हेरी गुड ऑब्झर्व्हेशन. आता ओळखीला सुरुवात करू या."

ओळखीचा खेळ असा, की प्रत्येकीने उभं राहून छातीवर हात ठेवायचा आणि आपल्यातली शक्ती एका वाक्यात सांगायची. मी वाघीण आहे, मी वादळ आहे, मी दीपस्तंभ आहे. हा खेळ मी कितीतरी तुकड्यांत बघितला होता आणि दर वेळी अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. चांगल्या, कामाच्या बायका. कोणी आडगावात पाळणाघर चालवणारी, कोणी नवऱ्याच्या मारातून सुटलेल्यांना घर शोधून देणारी. त्यांना इतक्या लांब आणून यांनी वाघिणी करायचं.

कुबोताबाईंची पाळी आली. त्यांनी छातीवर हात ठेवला नाही. "मी टॉयलेटचं काम बघते," त्या म्हणाल्या.

कर्णिक सरांनी टाळी वाजवली. "वा. समाजातली घाण दूर करणारी. काय सुंदर रूपक आहे."

आयाने भाषांतर केलं. कुबोताबाईंनी नीट ऐकून घेतलं. "रूपक नाही," त्या म्हणाल्या. "टॉयलेट." आणि खाली बसल्या.

ही बाई मला तिथेच आवडली.

आता थोडं मागचं सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. जपानमधली एक संस्था समाजकार्य करणाऱ्या बायकांना दर वर्षी नेतृत्वाचं प्रशिक्षण घ्यायला परदेशी पाठवते. परदेश म्हणजे कुठला देश, हे निविदेवर ठरतं, आणि त्या वर्षी कर्णिक सरांची निविदा स्वस्त होती. म्हणून बहरीन. तीन आठवडे शिकायचं, शेवटच्या गुरुवारी मान्यवरांपुढे पाच मिनिटं बोलायचं, आणि त्यातून निवडलेल्या चौघींच्या कामामागे ती जपानी संस्था वर्षभर उभी राहणार. बाकीच्या आठ जणींना प्रमाणपत्र आणि टी-शर्ट.

कुबोताबाईंना त्या चौघींत यायचं होतं. त्यांचं गाव समुद्रकाठी. भूकंपानंतर गावाने महिनोन्‌महिने शाळेच्या जिममध्ये आसरा घेतला होता. त्या शाळेच्या स्वयंपाकघराच्या प्रमुख, म्हणून छावणीतलं रांधणं त्यांच्याकडे आलं. छावणीची समिती सगळी पुरुषांची. पुन्हा असं संकट आलं तर समितीत बायका हव्यात, टॉयलेट कुठे आणि कसं उभारायचं ते बायकांनी ठरवायचं, एवढीच त्यांची मागणी. गावची परिषद ती उन्हाळ्याआधी ऐकणार होती. बाहेरच्या मोठ्या संस्थेचं पाठबळ असलं तर मनावर घेणार होती. नसलं तर चहा पाजून घरी पाठवणार, आणि तो चहाही कुबोताबाईंनाच करायला लावणार. हे त्यांचंच वाक्य.

आणि एक गोष्ट मला नंतर कळली, पण आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. त्या छावणीत एका बाईवर रात्री टॉयलेटच्या वाटेवर अतिप्रसंग झाला होता. तिने तो फक्त कुबोताबाईंना सांगितला. पुढे काही वर्षांनी तिनेच त्यांना परवानगी दिली, ती अशी: बायका दार लावून बसल्या असतील तर त्यांना सांग, कारण कळायला हवं. पण छापू नको, रेकॉर्ड करू नको, गावापर्यंत येऊ देऊ नको. कुबोताबाईंनी शब्द दिला होता.

त्यांच्या सवयी थोड्या होत्या आणि पक्क्या होत्या. कुठेही गेलं की आधी टॉयलेट बघायचं, मग खुर्ची. बोलणाऱ्याचं बोलणं पटलं नाही की त्या वाद घालत नसत. पेनाला टोपण लावत. टोपणाचा तो टक आवाज मला मागच्या रांगेपर्यंत ऐकू येई आणि बरं वाटे. आणि एक प्रश्न. इंग्रजी त्यांना फारसं येत नव्हतं, पण एवढा प्रश्न त्या आयाला मध्ये न घेता स्वतः विचारत: नंतर कोण आवरणार?

पहिल्या आठवड्यात कर्णिक सरांनी स्वप्नांचे फलक करायला लावले. मासिकं फाडायची, चित्रं चिकटवायची, वरून चमकी भुरभुरायची. चमकी हॉलभर झाली, एसीच्या वाऱ्याने जिन्यापर्यंत गेली. "नंतर कोण आवरणार?" कुबोताबाईंनी विचारलं. "सुरेख," कर्णिक सर म्हणाले, "हाच शाश्वततेचा प्रश्न आहे," आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत शाश्वतता असं लिहिलं. सुनंदा दाराशी झाडू घेऊन उभी होती.

मग वाळवंटातलं जेवण. तंबू, उंट, फोटोवाला, आणि बाराजणींच्या मापाने चार पट अन्न. निघताना हॉटेलच्या माणसांनी अख्ख्या मेंढ्याचं उरलेलं मांस आणि भात काळ्या पिशव्यांत लोटला. कुबोताबाई त्या पिशव्यांशी उभ्या राहिल्या. प्रश्न विचारला नाही. तोंड असं झालं होतं जणू कोणी त्यांच्या अंगावर थुंकलंय. मी यजमानांच्या बाजूची. मी बसमध्ये माणसं मोजायला गेले.

पण त्यांच्या हातूनही चूक झाली, आणि ती अशी की ती दुसऱ्या कोणाच्या हातून झालीच नसती.

जपानी शाळेत मुलं आपला वर्ग आपण झाडतात. ती सवय आयुष्यभर जात नाही. दिवसाचं प्रशिक्षण संपलं की या बाराही जणी न सांगता उठायच्या; कोणी खुर्च्या रचायची, कोणी टेबलं पुसायची, कोणी कप विसळायची. कुबोताबाई आघाडीवर. पाहुण्यांनी जाताना जागा आली तशी ठेवायची, यात त्यांना काही विशेष वाटत नव्हतं. विशेष वाटलं ते कर्णिक सरांना. त्यांनी व्हिडिओ काढला, त्यावर 'सेवेतून नेतृत्व' असं लिहून फिरवला. आणि त्याच संध्याकाळी सफाईच्या ठेकेदाराला फोन करून सांगितलं, या तुकडीपुरती संध्याकाळची बाई नको.

दुसऱ्या दिवशी सुनंदाने मला पँट्रीत गाठलं. ती देवगडकडची, इथे माणसांत हिंदी बोलते, पण संतापली की घरची बोली येते.

"ताई, त्या जपानी बायांका कायतरी सांगा. त्येंनी कप धुतले म्हणान माजी सांजची शिफ्ट गेली."

"कोण म्हणालं?"

"सुपरवायझर. म्हणता, थंय लोका फुकट काम करतत, तुका कित्याक पाठवू? मफी, खलास. काम नाय, संपला."

मी आयाला सांगितलं, आयाने कुबोताबाईंना. त्या लगेच उठल्या. मग पँट्रीत जाऊन सुनंदासमोर कमरेपासून वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. सुनंदा घाबरून माझ्यामागे आली. "ताई, त्येंका उठवा. सायबान बघितल्यान तर माजीच चूक म्हणतलो."

त्या संध्याकाळी प्रशिक्षण संपल्यावर बाराही जणी बसून राहिल्या. कप टेबलावर, खुर्च्या अस्ताव्यस्त, बिस्किटांचा चुरा सांडलेला. हात मांडीवर. एकीच्या हाताला तर चाळा लागला होता. कुबोताबाईंनी तिच्याकडे नुसतं बघितलं. कर्णिक सर केबिनमधून आले. "काय झालं? आज सेवा नाही?"

कुबोताबाई आयामार्फत म्हणाल्या, "सफाईच्या बाई येईपर्यंत आम्ही थांबतो."

"त्या येणार नाहीत. तुम्ही इतकं छान करता."

"मग आम्ही थांबतो."

बाहेर बस चालू ठेवून ड्रायव्हर उभा. हॉटेलचं जेवण ठरलेलं. कर्णिक सरांनी घड्याळ बघितलं, मला मराठीत म्हणाले, "सुलभाताई, ही म्हातारी युनियनवाली आहे का हो?" आणि ठेकेदाराला फोन लावला. सुनंदा आली, तिने हॉल आवरला, बारा बायका पाय वर उचलून बसून राहिल्या. त्यांना किती जड जात होतं ते दिसत होतं. सुनंदा मला हळूच म्हणाली, "गे माय, देवळातल्या देवींसारख्यो बसल्यो." पण शिफ्ट परत मिळाली.

दुसऱ्या आठवड्यात पाऊस आला. इथे पाऊस म्हणजे वर्षातून काही थोडे दिवस, आणि पाणी जायला वाटा नाहीत. उम्म अल हस्समला, मी राहते तिथे, आमच्या इमारतीपुढे तळं झालं, टँकर येऊन पाणी ओढायला लागले. झिंजला संस्थेत त्याहून वाईट. गटार उलटलं. तळमजल्याच्या दोन्ही टॉयलेटमधून काळं पाणी वर आलं आणि वास जिन्यापर्यंत गेला. मी प्लंबरला फोन लावत होते, तो इंशाल्ला म्हणत होता. कर्णिक सरांनी उपाय केला तो असा: बखूर पेटवायला लावला. सुगंधी लाकडाचा गोड, जड धूर हॉलभर, आणि खालून तो वास. दोन्ही मिळून जे झालं ते मला अजून कधीकधी नाकात येतं. नेतृत्वाचं प्रशिक्षण म्हणजे काय असं कोणी विचारलं तर मी त्या वासाचं वर्णन करीन.

बायकांची सोय शेजारच्या इमारतीत केली; तळघराच्या पार्किंगमधून जायचं, दिवा नाही, आणि जिन्याशी अनोळखी माणसं बसलेली. चहाची वेळ झाली. ट्रे परत आला तेव्हा कप भरलेले होते. सुनंदा ते ओतून द्यायला निघाली तर कुबोताबाईंनी तिला थांबवलं आणि ट्रेकडे बघत राहिल्या.

दुपारी 'आपली गोष्ट' नावाची बैठक होती. गोल बसायचं, मनातलं बोलायचं. कर्णिक सर म्हणाले, "मी बाहेर थांबतो. फक्त तुम्ही. फोन या टोपलीत टाका." कुबोताबाईंनी छताकडे बोट केलं. ऑनलाइन वर्गासाठी तिथे एक कॅमेरा बसवलेला होता.

"तो?"

"बंद आहे," कर्णिक सर म्हणाले. "खलास." आणि आयाला नि मला आत ठेवून दार लावून गेले.

कुबोताबाईंनी सुरुवात केली ती चहापासून. "आज कोणीच चहा प्यायलेलं नाही," त्या म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या, कारण खरं होतं. मग त्यांनी छावणीचं सांगितलं. जेवणानंतर वाट्या परत यायच्या. पुरुषांच्या वाट्या रिकाम्या. बायकांनी भात खाल्लेला, लोणचं खाल्लेलं, पण सूप तसंच. त्यांना वाटलं, खारट होतंय. मीठ कमी केलं. तरी तसंच. शेवटी एका म्हातारीला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, सूप चांगलं आहे ग, पण प्यायलं की रात्री जावं लागतं. टॉयलेट मैदानाच्या पलीकडे होतं. पुरुषांचं बायकांचं एकच. दिवा नव्हता, कडी नव्हती. त्या समितीच्या प्रमुखाकडे गेल्या. तो म्हणाला, एवढं मोठं संकट आलंय आणि तुम्हाला दिव्याचं सुचतंय.

मग त्यांनी त्या एका बाईचं सांगितलं. नाव नाही. मासळीबाजारात काम करणारी, नवरा बोटीवर. मी आयाच्या इंग्रजीतून ऐकत होते. मध्येच आया थांबली. मी तिला पुढचं विचारलं नाही. बाकीच्या अकरा जणींना भाषांतराची गरज नव्हती.

आठवड्याभराने, बुधवारी, हॉटेलच्या हॉलमध्ये रंगीत तालीम झाली. मोठा पडदा, दिवे, फुलं. कर्णिक सर म्हणाले, सरप्राइज आहे. पडद्यावर आमचा हॉल दिसला, वरून घेतलेला. गोल बसलेल्या बायका. चेहरे अंधुक केले होते. पियानो वाजत होता, त्याखाली कुबोताबाईंचा आवाज, आणि खाली इंग्रजी अक्षरं. गावाचं नाव होतं. जिम होती. मासळीबाजार होता. नवरा बोटीवर होता.

कुबोताबाई उठून पडद्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. झाकायला. एवढीशी बाई, ती किती झाकणार? अक्षरं त्यांच्या केसांवरून, जाकिटावरून चालत राहिली. मशीनवरच्या माणसाला वाटलं, हा कार्यक्रमाचा भाग आहे. शेवटी मीच जाऊन वायर ओढली.

"सुलभाताई, हे काय?" कर्णिक सर मला बाजूला घेऊन म्हणाले. "अहो, मी स्वतः रडलो हे बघून. पाहुणे उभं राहून टाळ्या वाजवतील. ती चौघींत येणार, माझी गॅरंटी."

"तुम्ही कॅमेरा बंद आहे म्हणालात."

"ते आपलं इंटरनल. तिचं नाव आहे का कुठे? चेहरा आहे?"

"गाव आहे."

"जपानमधलं गाव कोणाला कळतंय?"

"जपानमधल्या त्या गावाला," मी म्हटलं.

त्यांनी हात झटकले आणि आयाला बोलावलं. कुबोताबाईंना समजावून सांगितलं, फार गोड आवाजात: हा व्हिडिओ दाखवू या, किंवा तो नको तर तुम्हीच स्टेजवर हीच गोष्ट सांगा, म्हणजे जागा पक्की. नुसतं टॉयलेट टॉयलेट केलं तर मी काही करू शकणार नाही. मान्यवरांना हृदयाला भिडणारं काहीतरी लागतं.

आया हे सगळं सांगत असताना कुबोताबाई जमिनीकडे बघत होत्या. मला वाटलं, पाठबळाचा विचार करतायत, आणि करायलाही हवा. उन्हाळ्याआधी परिषद होती. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं, त्याला टोपण होतंच, ते काढून पुन्हा लावलं. "ती बाई पाहुण्यांना दाखवायची चीज नाही," त्या म्हणाल्या. "आत्ता पुसा. माझ्यासमोर."

कर्णिक सरांनी लॅपटॉप उघडला. फाइल कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"डबा रिकामा करा."

त्यांनी तोही केला. "शब्द देतो," म्हणाले. आणि कुबोताबाईंनी त्यांना वाकून नमस्कार केला, पार खालपर्यंत. त्या माणसाने तो नमस्कार घेतला.

गुरुवारी त्या स्टेजवर पाच मिनिटं बोलल्या. दिवा किती उंचीवर असावा. कडी आतून लागते हे कोणी, कधी तपासावं. टॉयलेट झोपायच्या जागेपासून किती लांब असलं की म्हातारी बाई पाणी प्यायचं सोडते. आयाला काही शब्द सापडले नाहीत, मध्ये थांबावं लागलं. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ फोन बघत होते. त्यांच्या शेजारच्या बाईंनी तोंडावर हात धरला. टॉयलेट हा शब्द जेवणाआधी इतक्या वेळा ऐकायची सवय नसावी. घंटा वाजली तेव्हा कुबोताबाई वाक्याच्या मध्यात होत्या. त्यांनी ते वाक्य पुरं केलं नाही. टाळ्या पडल्या, पडायला हव्यात म्हणून.

चौघींत एक वाघीण होती, एक दीपस्तंभ होती. दोघी खरंच चांगल्या होत्या. कुबोताबाई नव्हत्या.

शुक्रवारी विमानतळावर मी सोडायला गेले. संस्थेने सगळ्यांना जांभळे टी-शर्ट दिले होते, छातीवर 'मी बदल आहे' असं इंग्रजीत. अकरा जणींनी घातले होते, कारण फोटोवाला आला होता. कुबोताबाईंचा अजून प्लास्टिकच्या पिशवीत होता. रांगेत पुढे एका लहान मुलीच्या हातून आंब्याच्या रसाचा डबा पडला, फरशीवर पिवळा ओघळ गेला, तिची आई दुसरं मूल कडेवर घेऊन हताश उभी. कुबोताबाईंनी बॅग खाली ठेवली, पिशवी फाडली, टी-शर्ट काढला, गुडघ्यांवर बसून फरशी स्वच्छ पुसली, कोपऱ्यापर्यंत. मग तो पिळून कचऱ्याच्या डब्यात टाकला, हात झटकले, त्या आईला आणि मग लांबून मला नमस्कार केला आणि आत गेल्या. फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला होता. मागे वळून काही बघितलं नाही त्यांनी.

मे महिन्यात तो व्हिडिओ संस्थेच्या इंटरनेटवरच्या पानावर आला. पियानोसकट.

मी केबिनमध्ये गेले. कर्णिक म्हणाले, "अहो, व्हिडिओ ज्यांनी बनवला त्या एजन्सीकडे कॉपी होती. मला काय माहीत?"

"आता माहीत झालं. काढायला सांगा."

"सांगतो. इंशाल्ला, या आठवड्यात."

त्या आठवड्यात नाही, पुढच्या नाही. जूनमध्ये मी ती नोकरी सोडली. माझा व्हिसा नवऱ्याच्या कंपनीचा, म्हणून मला परवडलं. सुनंदाला परवडत नाही. ती अजून तिथेच कप धुते, आणि कडी अजून लागत नाही म्हणते.

परिषदेचं आयाने कळवलं. कुबोताबाईंचं बोलणं ऐकून घेतलं, मग त्यांना आपत्कालीन समितीत घेतलंही, स्वयंपाक विभागात. त्यांनी ते स्वीकारलंय. निदान वाट्या तरी दिसतील, म्हणाल्या. व्हिडिओबद्दल त्या दर थोड्या दिवसांनी आयामार्फत विचारतात. दोनच शब्द: "काढला का?" कारण ती मासळीबाजारातली बाई अजून त्याच गावात राहते, आणि तिला आता सून आलीय, सुनेच्या हातात फोन असतो.

एजन्सीला मी लिहिलं. ते म्हणाले, मालकाची परवानगी आणा. मालकाला, म्हणजे कर्णिकांना लिहिलं, उत्तर नाही. जपानच्या संस्थेला आयाने लिहिलं. त्यांनी खेद व्यक्त केला आणि संबंधितांना कळवल्याचं कळवलं. तक्रारीचं बटण आहे, ते मी दाबलं, नवऱ्याला दाबायला लावलं, सुनंदानेही दाबलं. यंत्राचं उत्तर आलं, यात आक्षेपार्ह काही आढळलं नाही.

काल रात्री बघितलं तर इंग्रजी अक्षरांच्या जागी जपानी अक्षरं आली आहेत. पुढच्या तुकडीची जाहिरात म्हणून तो जपानला पाठवायचा आहे. गुरुवारी जाणार, असं सुनंदाने ऑफिसात ऐकलं. आज मंगळवार. एजन्सीचं ऑफिस दुपारी बंद असतं, चारला उघडतं, आणि मी जाऊन दारात बसणार आहे. अक्षरांचं आयाने कुबोताबाईंना अजून सांगितलेलं नाही. मी तिला म्हटलंय, संध्याकाळपर्यंत थांब. आता तीन वाजलेत, आणि व्हिडिओ आहे तिथेच आहे.